पहिल्या बॅचमध्ये तंतू वाढले, दुसऱ्या बॅचमध्ये नाही वाढले

वाचकाचं पत्र

मी पोस्टडॉक करते, म्हणजे पीएच.डी. नंतरचं संशोधन. विषय मज्जारज्जूची दुखापत. उंदराच्या मज्जारज्जूला छेद दिल्यावर एका विशिष्ट जनुकाचं काम थांबवलं, तर मेंदूतून खाली उतरणारे तंतू पुन्हा वाढतात का, हे मी पाहते. पहिल्या बॅचमध्ये वाढले. घावाच्या पलीकडे रंगलेले तंतू स्वच्छ दिसले आणि सगळी लॅब हरखून गेली. दुसऱ्या बॅचची मोजणी मी ब्लाइंड केली, म्हणजे कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नसताना. दोन्ही गटांत काहीच फरक निघाला नाही. गाइड म्हणतात, दुसऱ्या बॅचच्या शस्त्रक्रिया बिघडल्या असतील, पहिल्या बॅचवर पेपर लिहून टाकू. नोकरीच्या अर्जांसाठी मला पेपर हवाच आहे. सुट्टीच्या दिवशीही सकाळ-संध्याकाळ लॅबमध्ये जाऊन उंदरांचं मूत्राशय हाताने दाबून रिकामं करते, तेव्हा मनात येतं, हे सगळं कशासाठी? त्यातच आमच्या लॅबची बातमी वाचून एका आईने मला मेल केली. तिच्या मुलाच्या मानेत मज्जारज्जूला इजा झाली आहे. ‘औषध कधी येईल?’ एवढंच विचारलंय. मला उत्तर सुचत नाही. हे क्षेत्र सोडून औषध कंपनीत जावं का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी निकालाबद्दल बोलते. क्षेत्र सोडायचा विचार तुमच्या मनात त्या निकालाच्या धक्क्यातून आलेला दिसतो, आणि धक्क्यात घेतलेला निर्णय पुढे फार काळ सलतो. पहिल्या बॅचवर पेपर लिहू नका. दोन्ही बॅचवर लिहा. हे माझं ठाम मत आहे, आणि ते केवळ नीतीच्या पोटी आलेलं नाही. तुमच्यासारखे निकाल या विषयात पूर्वीही आले आहेत. ते ज्यांनी लपवले नाहीत, त्यांच्यामुळे हा विषय पुढे सरकला.

पहिल्या बॅचच्या काचपट्ट्या पुन्हा बाहेर काढा. घावाच्या पलीकडे दिसणारा प्रत्येक तंतू नव्याने वाढलेला नसतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण निकाल मनासारखा आला की हेच आधी विसरलं जातं. उंदरात मेंदूच्या बाह्यकातून, म्हणजे वरच्या थरातून, उतरणाऱ्या तंतूंचा मुख्य गठ्ठा मज्जारज्जूच्या पाठीकडच्या बाजूला, थोडा आत असतो. त्याशिवाय काही तंतू कडेने आणि पोटाकडच्या अंगानेही उतरतात. छेद किंचित उथळ गेला तर त्यातले थोडे शाबूत राहतात. काही आठवड्यांनी काप पाहिले की हे वाचलेले तंतू घाव ओलांडून आल्यासारखे भासतात. ऑस्वल्ड स्टुअर्ड, बिनहाई झेंग आणि मार्क टेसिए-लाविन या संशोधकांनी २००३ मध्ये नेमक्या याच फसगतीवर लिहिलं आणि वाचलेला तंतू आणि वाढलेला तंतू वेगळे कसे ओळखायचे याचे निकष मांडले. नव्याने वाढलेला तंतू सहसा वेडावाकडा जातो, भलत्या वाटेने पुढे सरकतो, भलत्या जागी फांद्या सोडतो. जुन्या ओळीतून सरळ, शिस्तीत गेलेला तंतू दिसला तर संशय घ्यावा. अंतराचाही हिशेब करावा. तुम्ही दिलेल्या दिवसांत कोणताही वाढणारा तंतू जिथवर पोचूच शकत नाही, तिथेही रंग दिसत असेल तर तो तंतू कापलाच गेला नव्हता.

घावाचा भाग तुम्ही उभा कापला असणार. तेव्हा तिथले सगळे काप क्रमाने लावून प्रत्येक उंदरात छेद किती खोल गेला ते ठरवा. कमरेचा भाग जपून ठेवला असेल तर त्याचे आडवे काप काढून रंग शोधा. नियंत्रण गटातल्या उंदरांवरही हेच करा. आणि हे काम तुम्ही स्वतः करू नका. गट माहीत नसलेल्या कोणाला तरी द्या. वगळायचे उंदीर कोणते याचा निकष मोजणीच्या आधी कागदावर लिहून, तारीख घालून ठेवा. गाइड म्हणतात तसं दुसऱ्या बॅचच्या शस्त्रक्रिया बिघडल्याही असतील, पण तो निकष लावायचा तर दोन्ही बॅचना सारखाच लावायचा. निकाल आवडला नाही म्हणून एकाच बॅचची झडती घ्यायची नाही.

आता तुम्हाला नोगो या प्रथिनाची गोष्ट सांगते. नाव तुम्हाला माहीत असेल, पण तिचा क्रम एकदा सलग पाहण्यासारखा आहे. १९८० च्या दशकात झुरिकमध्ये मार्टिन श्वाब यांनी दाखवलं की मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मायलिनमध्येच, म्हणजे तंतूंभोवतीच्या आवरणातच, तंतूंची वाढ रोखणारे पदार्थ आहेत. १९९० मध्ये त्यांनी आणि लिझा श्नेल यांनी त्या पदार्थांना अडवणारं प्रतिपिंड (अँटीबॉडी) वापरून उंदरांच्या मज्जारज्जूत तंतू घावापलीकडे वाढवून दाखवले. २००० मध्ये त्यातल्या मुख्य प्रथिनाची ओळख पटली आणि नोगो हे नाव प्रचारात आलं. पुढची पायरी उघड होती: नोगो नसलेले उंदीर तयार करायचे आणि पाहायचं. २००३ मध्ये तीन प्रयोगशाळांनी ते केलं आणि तिन्ही पेपर एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात आले. एका लॅबला भरपूर वाढ दिसली. दुसरीला थोडी. तिसरीला अजिबात नाही.

त्या तिघांतल्या एखाद्या पोस्टडॉकच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ‘काही वाढलं नाही’ असा निकाल हातात घेऊन बसलेल्या माणसाला आपली शस्त्रक्रिया चुकली असंच वाटलं असतं. पण ते तिन्ही निकाल शेजारी-शेजारी छापले गेले म्हणून पुढचे प्रश्न विचारता आले. उंदरांचा वंश कोणता होता? वय किती होतं? जनुक नेमकं कुठे तोडलं होतं? नोगो-ए हा नोगोचा प्रकार गेल्यावर त्याच्याच घरातलं दुसरं प्रथिन वाढलं का? २०१० मध्ये दोन गटांनी मायलिनमधले तीन रोधक पदार्थ एकत्र काढून पाहिले, तरी त्यांची उत्तरं जुळली नाहीत. दरम्यान प्रतिपिंडाचं काम माणसांपर्यंत गेलं. मानेत ताजी दुखापत झालेल्या रुग्णांवर युरोपातल्या अनेक केंद्रांत मिळून चाचणी झाली. तिचे निकाल २०२४ च्या अखेरीस आले: औषध सुरक्षित ठरलं, पण हातांच्या ताकदीचा जो मुख्य निकष होता त्यात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. दुखापत अपुरी होती, म्हणजे काही संदेश अजून खाली पोचत होते, अशा रुग्णांत थोडे आशादायक संकेत मिळाले. ते पुढे तपासावे लागतील. एका कल्पनेचा हा प्रवास पस्तीस वर्षांहून मोठा आहे आणि अजून संपलेला नाही. आपल्या विषयाचं खरं घड्याळ एवढं संथ चालतं.

म्हणून तुमची दुसरी बॅच मला वाया गेलेली वाटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांपैकी मज्जासंस्थेच्या संस्थेने मज्जारज्जूच्या दुखापतीवरचे गाजलेले प्रयोग दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करून पाहण्यासाठी मुद्दाम निधी दिला होता. २०१२ मध्ये त्या कामाचा आढावा प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रयोगांत मूळ परिणाम पूर्णपणे पुन्हा मिळालाच नाही. त्या मूळ पेपरांच्या भरवशावर किती जणांनी आपली पीएच.डी. उभी केली असेल याचा विचार केला की मला अस्वस्थ वाटतं. तुमचा निकाल छापला तर निदान पुढची कोणी तरी मुलगी तीच वर्षं तिथेच घालवणार नाही.

गाइडशी बोलायचं कसं, हा भाग अवघड आहे आणि तो टाळता येणार नाही. वाद घालायला जाऊ नका. एकाच आलेखावर दोन्ही बॅचचे सगळे उंदीर ठेवा, प्रत्येक उंदराचा एक ठिपका, बॅचनुसार वेगळा रंग. कापाची खोलीही त्यातच दाखवा. कागद समोर ठेवा आणि विचारा, ‘सर, हे असं छापलं तर कोणता पेपर होतो?’ बहुतेक अनुभवी माणसं डोळ्यांसमोर सगळे ठिपके आल्यावर वेगळं बोलतात. सरासरीच्या दोन खांबांसमोर ती तसं बोलत नाहीत. पेपर बायोआर्काइव्हवर, म्हणजे छापण्यापूर्वीचे पेपर ठेवण्याच्या संकेतस्थळावर, आधी टाकता येतो, अर्जात त्याची नोंद करता येते, आणि निकाल नकारात्मक असले तरी छापणारी चांगली नियतकालिकं आज आहेत. निवड समितीवर बसणाऱ्या कोणालाही मी हेच सांगेन: स्वतःचा निकाल स्वतः उलटा तपासून पाहणारी व्यक्ती आपल्या विभागात असणं ही चैन नाही, गरज आहे. गाइड तरीही एकाच बॅचवर अडून बसले तर त्या पेपरवर आपलं नाव नको असं शांतपणे, लेखी कळवा. संस्थेत संशोधनाच्या सचोटीचं काम पाहणारी व्यक्ती असते. तिच्याशी आधीच बोलून ठेवणं म्हणजे चहाडी नाही.

त्या आईला मात्र आजच उत्तर लिहा. तुमच्या मनातली भीती मला कळते. खरं लिहिलं तर तिची आशा मोडेल आणि आशा दिली तर ते खोटं ठरेल, असं तुम्हाला वाटत असणार. पण या दोन टोकांच्या मध्ये तिच्या उपयोगाचं बरंच काही आहे. लिहा की तुम्ही डॉक्टर नाही, उंदरांवर काम करता. लिहा की तुटलेले तंतू पुन्हा जोडून देणारं औषध आज कोणाकडेही नाही, आणि ते अमुक वर्षी येईल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे मागितले जात असतील तर तिथून उठून यावं, हेही स्पष्ट लिहा. पेशी टोचून बरं करतो म्हणणाऱ्या ठिकाणांबद्दल तिला तुमच्याइतकं दुसरं कोणी सावध करणार नाही. २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात एका तरुण स्त्रीची नोंद आली. नाकाच्या अस्तरातल्या पेशी तिच्या मज्जारज्जूत घातल्या होत्या. आठ वर्षांनी त्याच जागी गाठ निघाली आणि तिच्यात नाकातल्यासारखा चिकट स्राव साठला होता. घरचं सगळं विकून माणसं अशा उपचारांमागे जातात.

मग तिला विचारा, मुलगा पुनर्वसन केंद्रात जातो का? त्वचेवरचे दाब पडणारे भाग कोण पाहतं? लघवीच्या संसर्गावर लक्ष आहे का? मानेत दुखापत असलेल्यांचा रक्तदाब मूत्राशय तुंबल्यावर एकदम भडकू शकतो, हे घरातल्या माणसांना कोणी समजावलंय का? या गोष्टींवर त्या मुलाचं आयुष्य आज अवलंबून आहे. चाचण्यांच्या सार्वजनिक नोंदणीचा पत्ता द्या. आणि शेवटी, तुमच्या प्रयोगात पहिल्यांदा जे दिसलं ते दुसऱ्यांदा दिसलं नाही, हेही चार शब्दांत सांगायला हरकत नाही. बातमी वाचून तिने लिहिलंय, तेव्हा बातमीच्या पुढचं कळण्याचा तिला हक्क आहे.

आता तुमचा मोठा प्रश्न. राहू की जाऊ?

तुमच्या पत्रातली एक ओळ मला पुन्हा पुन्हा दिसते: मूत्राशय हाताने रिकामं करण्याची. तुम्ही ती कंटाळ्याची खूण म्हणून लिहिली आहे. २००४ मध्ये किम अँडरसन यांनी मज्जारज्जूची दुखापत असलेल्या ६८१ माणसांना विचारलं होतं की कोणती एक गोष्ट परत मिळाली तर तुमचं जगणं सगळ्यांत जास्त सुधारेल. त्या स्वतः संशोधक आहेत आणि स्वतः अशा दुखापतीसह जगतात. चारही हातपाय अधू झालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी हातांचं नाव घेतलं. फक्त पाय गेलेल्यांत लैंगिक क्षमतेचं उत्तर सगळ्यांत पुढे होतं. मूत्राशय आणि आतड्यांवरचा ताबा दोन्ही गटांच्या यादीत वर होता. चालणं पहिल्या क्रमांकावर नव्हतं. आपण मात्र वर्षानुवर्षं उंदीर चालतो का याचेच गुण मोजत आलो. मूत्राशयाचं काम पुन्हा कसं जुळतं, कोणते तंतू त्यात भाग घेतात, हे पाहणाऱ्या लॅब त्या मानाने थोड्या आहेत. आणि तुम्ही रोज दोनदा बोटांनी त्या अवयवाला स्पर्श करता. कोणत्या उंदराचं मूत्राशय कधी सैलावलं, कोणाचं आपोआप रिकामं होऊ लागलं, हे तुमच्या बोटांना माहीत आहे. याची नोंद ठेवली आहे का? नसेल तर पुढच्या बॅचपासून ठेवा.

दुसरी गोष्ट त्या वाचलेल्या तंतूंची. तुमच्या प्रयोगात ते घोटाळा करणारे ठरले असतील. पण रुग्णाच्या दृष्टीने तेच सगळ्यांत मौल्यवान आहेत. तपासणीत दुखापत पूर्ण ठरलेल्या कितीतरी रुग्णांत घावाच्या कडेने थोडी ऊती शिल्लक असते, फक्त तिच्यातून काम होत नाही. २०११ मध्ये सुसान हारकेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छातीखाली हालचाल गेलेल्या एका तरुणाच्या मज्जारज्जूच्या आवरणावर विद्युत-उद्दीपन यंत्र बसवलं. यंत्र चालू असताना तो आधाराने उभा राहू शकला आणि पाय स्वतःच्या इच्छेने हलवू शकला. लोझानमध्ये ग्रेगुआर कुर्तीन यांच्या गटाने पुढच्या वर्षांत ही वाट बरीच पुढे नेली. इथे एकही तंतू लांबवर वाढवलेला नाही. जे उरलं होतं त्याला जागं केलं. हे उरलेले तंतू नव्या फांद्या कधी सोडतात, कधी नाही, तुमचं जनुक त्यात काही करतं का, हा प्रश्न तुमच्या काचपट्ट्यांवरच उभा आहे. पहिल्या बॅचमध्ये छेद उथळ होता असं सिद्ध झालं आणि तरीही दोन गटांत फरक राहिला, तर तुमच्या हाती वेगळाच आणि खरा निकाल आहे. माझं मत विचारलंत तर: क्षेत्रात राहा, पण प्रश्न बदला. उत्तर ‘हो’ आलं काय किंवा ‘नाही’ आलं काय, दोन्ही वेळा काही कळेल असा प्रश्न निवडा. ‘हे जनुक थांबवलं की तंतू वाढतात का’ या प्रश्नाचं ‘नाही’ हे उत्तर तुम्हाला रिकाम्या हाती घरी पाठवतं, आणि त्याच रिकामेपणातून गाइडचा तो आग्रह जन्माला येतो.

मज्जारज्जू सोडून हातापायांतल्या नर्व्हकडे वळणं हाही एक चांगला पर्याय आहे, आणि त्याला कोणी कमी लेखू नये. तिथे तंतू वाढतात. ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून पलीकडचा भाग कसा झडतो ते दाखवलं, तेव्हापासून आपण त्या झडण्यावर आणि पुन्हा उगवण्यावर काम करतो आहोत. १९०३ मध्ये हेन्री हेड या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताच्या संवेदनेच्या नर्व्ह कापून घेतल्या आणि त्वचेची जाणीव कशी परत येते ते डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्यासोबत चार वर्षं तपासलं. आज कोणतीही नैतिकता समिती याला परवानगी देणार नाही आणि देऊही नये. पण जाणीव परतण्याची गती किती संथ असते हे त्यांच्याइतक्या जवळून क्वचितच कोणी पाहिलं असेल. माणसात ही गती साधारण दिवसाला एक मिलिमीटर. मानेपाशी तुटलेली नर्व्ह तळव्यापर्यंत पोचायला दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ जातो. तोवर श्वान पेशींनी (नर्व्हमधल्या तंतूंना वेढून आधार देणाऱ्या पेशींनी) आखून ठेवलेल्या वाटा मिटत जातात, आणि वर्ष-दीड वर्ष संदेश न मिळालेला स्नायू पुढे तंतू आला तरी त्याला नीट स्वीकारत नाही. वेळ आणि अंतर यांची ही झुंज आहे.

तिच्यावर दोन फार सुंदर उत्तरं निघाली. क्रिस्तोफ ओबेरलँ यांनी १९९४ मध्ये दंडातल्या चांगल्या नर्व्हमधला छोटा जुडगा काढून कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या अगदी तोंडाशी जोडला. तंतूचा वेग वाढवता येत नव्हता म्हणून त्यांनी अंतरच कमी केलं. टेसा गॉर्डन यांच्या गटाने वेळेच्या बाजूने हात घातला. २००० मध्ये त्यांनी दाखवलं की नर्व्ह शिवल्यावर लगेच एक तास, सेकंदाला वीस वेळा, विद्युत-उद्दीपन दिलं तर प्रयोगशाळेतल्या घुशीसारख्या मोठ्या उंदरांत पंचवीस मिलिमीटरचं जे अंतर सगळे तंतू मिळून आठ-दहा आठवड्यांत कापतात ते तीन आठवड्यांत कापलं जातं. तंतूचा धावण्याचा वेग त्याने वाढत नाही. शिवणीपाशी ते जे रेंगाळतात ते रेंगाळणं कमी होतं. पुढे दहा वर्षांनी हाच उपाय मनगटात नर्व्ह दबलेल्या रुग्णांवर वापरून पाहिला गेला आणि तिथेही तंतू अधिक संख्येने परतले. मूलभूत काम करणारी व्यक्ती आणि शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती शेजारी बसल्या की काय होतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. तुम्ही कोणत्याही लॅबमध्ये गेलात तरी आठवड्यातला एखादा तास नर्व्हच्या बाह्यरुग्ण विभागात बसायला मिळेल का, हे विचारून घ्या.

औषध कंपनीत जाणं म्हणजे हरणं, असा सूर तुमच्या पत्रात आहे. तो काढून टाका. १९८९ मध्ये एका उंदराच्या वंशात, काहीसं योगायोगानेच, असं दिसलं की नर्व्ह कापल्यावर पलीकडचे तंतू एक-दोन दिवसांत झडत नाहीत, आठवडाभराहून अधिक काळ तग धरतात. तुटलेला तंतू उपासमारीने मरतो अशी जी समजूत होती तिला त्याने धक्का दिला. २०१२ मध्ये फळमाशीवरच्या कामातून कळलं की सार्म-१ हे प्रथिन तंतूला मोडायचा हुकूम देतं. २०१७ मध्ये कळलं की ते स्वतःच एक विकर (एन्झाइम) आहे आणि पेशीला ऊर्जेसाठी लागणारा एनएडी हा रेणू जाळून टाकतं. विकर म्हटलं की त्याला अडवणारं औषध बनवता येतं. ते काम आज कंपन्याच करत आहेत, आणि काही रेणू माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांपर्यंत पोचले आहेत. असं काम तुम्हाला मिळत असेल तर तुम्ही क्षेत्र सोडत नाही. फक्त एवढं पाहा की कंपनी याच विषयावर दीर्घकाळ पैसा घालणार आहे का. कारण मज्जासंस्थेचे विभाग कंपन्या अचानक बंदही करतात. मुलाखतीत विचारा, उंदरावरचा प्रयोग दुसऱ्या लॅबकडून तपासून घेता का, आणि नकारात्मक निकाल छापू देता का. उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो ते पाहा.

एका कारणासाठी मात्र मी तुम्हाला खुशाल जा म्हणेन. पुढची दहा वर्षं या प्रश्नावर काढायची कल्पना केल्यावर, निकाल हाती नसतानाही, तुम्हाला सकाळी काचपट्टी लावायची उत्सुकता वाटत नसेल तर. मज्जासंस्थेचे थोर स्पॅनिश अभ्यासक सांतियागो रामोन इ काखाल यांच्या प्रयोगशाळेतल्या फ्रान्सिस्को तेयो यांनी १९११ मध्ये सशाच्या मेंदूत हातापायांकडच्या नर्व्हचा तुकडा बसवला आणि मेंदूतले तंतू त्यात शिरताना पाहिले. मेंदू आणि मज्जारज्जूतले तंतू पुन्हा वाढूच शकत नाहीत अशी समजूत पक्की होती, आणि ते वाढतात हे निर्विवादपणे सिद्ध व्हायला १९८० साल उजाडलं, जेव्हा माँट्रियलमध्ये अल्बर्ट अग्वायो यांच्या गटाने नव्या रंगांच्या मदतीने तोच प्रकार मज्जारज्जूत पुन्हा दाखवला. तेयोंना तो दिवस पाहायला मिळाला नाही. हे वाचून तुम्हाला दुःख होत असेल तर त्यात काही गैर नाही, आणि असा वेळ आयुष्यातून द्यायचा नाही असं ठरवणंही पूर्णपणे रास्त आहे. पण हे वाचून तेयोंनी तुकडा नेमका कुठे बसवला होता, आधी तो झडू दिला होता का, असा प्रश्न मनात आला असेल, तर तुमचं उत्तर तुमच्याकडे आहे. (हो, आधी झडू दिला होता. श्वान पेशी तोवर कामाला लागलेल्या होत्या.)

राहिलात तर तिसऱ्या बॅचची घाई करू नका. आधी पहिल्या दोन बॅचची खोली मोजून घ्या, मग किती उंदीर लागतील याचा हिशेब करा, आणि शस्त्रक्रिया वेगळ्या व्यक्तीने करावी असं पाहा. गेलात तर मज्जारज्जूचे सगळे नमुने क्रमांक, तारीख, वंश आणि गट यांच्या यादीसह लॅबमध्ये नीट लावून ठेवा, म्हणजे पुढे कोणी प्रश्न विचारला तर उत्तर डब्यात असेल. आणि तो सगळ्या ठिपक्यांचा आलेख तयार झाला की गाइडकडे जाण्याआधी मला पाठवा. मी पाहीन आणि जे वाटेल ते सरळ सांगेन.